जुन्या बाजारातल्या वस्तूंमधून स्वतःची स्टाइल काढायची कशी? (लेबलं, ब्लॉक, काठ वगैरे)

रेघोट्या_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी इलस्ट्रेशनची कामं करते, पुस्तकांची आतली चित्रं, पॅकेजिंग, मधूनमधून लग्नपत्रिका. आणि मला जुन्या वस्तूंचं वेड आहे. चोर बाजारात मटन स्ट्रीटला चक्कर असते, पुण्याला गेले आणि बुधवार किंवा रविवार असला तर जुना बाजार चुकवत नाही. घरच्यांच्या मते मी भंगार गोळा करते, असो.

तर आत्ता माझ्याकडे जमलेला माल असा: काड्यापेट्यांची लेबलं चिकटवलेली एक वही (कोणीतरी शाळकरी मुलाने खळ लावून चिकटवलीयेत, अक्षर पण लहान मुलाचंच), लग्नपत्रिकेत छापायचे ते जस्ताचे ब्लॉक, एक कलश आणि एक सनई-चौघडा, लाकडावर ठोकलेले. रविवर्म्याच्या लक्ष्मीचं एक चित्र फ्रेमसकट, काच तडकलेली. आणि आजीच्या इरकलीचा काठ, साडी केव्हाच विरली पण काठ मात्र ठणठणीत.

प्रॉब्लेम असा की हे सगळं बघताना डोक्यात एकदम लख्ख होतं, वाटतं आता मस्त काहीतरी करू, आणि प्रत्यक्षात टॅबलेट घेऊन बसले की दोनच गोष्टी होतात. एकतर मी सरळ सरळ कॉपी करते, म्हणजे लेबलवरचा वाघ तसाच्या तसा. नाहीतर ते इंटरनेटवर सगळीकडे दिसतं तसलं 'व्हिंटेज' होतं, पिवळट कागदाचा टेक्श्चर, कडा जळल्यासारख्या, मिशीवाला माणूस, झालं. क्लायंटला तेच हवं असतं म्हणा, "थोडं जुनं जुनं करा ना मॅडम". पण मला कंटाळा आलाय त्याचा.

दुसरा छोटा प्रश्न कपड्यांचा. तो काठ वापरायची खूप इच्छा आहे, पण जुनं काही अंगावर घातलं की मी संगीत नाटकातून पळून आल्यासारखी दिसते असं नवऱ्याचं मत. ज्यांनी हे जमवलंय त्यांनी प्लीज सांगा, नेमकं काय करता? "इन्स्पिरेशन घ्या" एवढंच नको, ते सगळे सांगतात.

---

खिळेजुळारी

अगं, सनई-चौघड्याचा ब्लॉक मिळालाय आणि तू टॅबलेट घेऊन बसतेस? आधी तो छाप की!

आमचा छापखाना होता, ऑफसेट आणि डीटीपी येईपर्यंत चालला, मग खिळे (म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं) वितळवायला गेले आणि ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, भंगारात. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या. जस्ताचा ब्लॉक असेल तर आधी रॉकेल लावून जुन्या ब्रशने हलक्या हाताने साफ कर, रेघांमध्ये वाळलेली शाई बसलेली असते. मग लिनोकटची शाई आणतात ती रोलरने अगदी पातळ फिरव, वर जरासा दमट केलेला कागद ठेव आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटत जा. मशीन लागत नाही. पहिले काही कागद घाण येतील, नंतर जे येईल ते बघ आणि मग मला सांग त्यात काय दिसलं.

तुला दिसेल ते मी आधीच सांगतो, कारण राहवत नाही. त्या ब्लॉकमध्ये करडा रंग नाहीये. एकतर शाई आहे किंवा कागद आहे, मधलं काही नाही. म्हणजे चौघड्याचा गोलपणा दाखवायचा असेल तर आर्टिस्टला रेघा जाड-बारीक कराव्या लागल्या, सावली टिंबांनी नाहीतर आडव्या रेघांनी करावी लागली, आणि रेघा फार जवळ काढल्या तर छापताना शाई भरून डाग होणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने मोकळं सोडलं. तुला जे 'जुनं' म्हणून आवडतंय ते बरंचसं हे आहे. कागद पिवळा पडला ते नंतर, तो चित्रकाराने पिवळा केला नव्हता, त्याच्या वेळी तो पांढरा स्वच्छच होता!

काड्यापेटीच्या लेबलचं पण तेच. भिंग घेऊन बस आणि रंग मोज. दोन, फार तर तीन-चार शाया सापडतील. पिवळ्यावर लाल चढवला की नारिंगी फुकटात मिळतो, निळ्यावर पिवळा पडला की हिरवा. जिथे रंग रेघेच्या बाहेर गेलाय तिथे रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवणं, हललंय, आणि ते हलणार हे माहीत असल्यामुळे बाहेरची काळी रेघ मुद्दाम जाड ठेवलीय, चूक झाकायला. आता तू काय कर, वाघ सोडून दे. तुझ्या पुढच्या कामाला स्वतःच तोच नियम लाव: दोन शाया आणि कागद, बस्स. चित्र कशाचंही काढ, प्रेशर कुकरचं काढ, डोंबिवली फास्टचं काढ. लेबल बनवणाऱ्याने ज्या अडचणीत बसून डोकं चालवलं त्या अडचणीत तू बस, मग जे येईल ते तुझं येईल, त्याचं नाही.

रविवर्म्याचं चित्र खरं जुनं आहे का तेही भिंगातून कळतं. लिथोमध्ये, म्हणजे दगडावरून छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असायचा आणि दगडावर टिंबं हाताने मारलेली असायची, त्यामुळे ती वेडीवाकडी, कुठे दाट कुठे विरळ. आणि कवायतीसारखी एका ओळीत, सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर ते नंतरचं ऑफसेट. रविवर्म्याने प्रेस काढला १८९४ मध्ये, मुंबईत गिरगावात, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन माणसाला विकला. त्या चित्रांच्या पुढे इतक्या नकला निघाल्या की नुसतं खाली नाव छापलंय म्हणून भुलू नये.

अजून एक, आणि हे माझ्या आवडीचं. जुनी मराठी पुस्तकं मिळाली, विशेषतः निर्णयसागरची, तर अक्षरं बघ. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये छापखाना काढला आणि खिळ्यांवर एवढी मेहनत घेतली की आजही ते पान उघडलं की डोळ्याला थंड वाटतं. ल पाकळीचा, श देठाचा. आज मोबाइलवर बहुतेक फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आपण तेच मुकाट्याने पत्रिकांवर छापतो. शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायला सांगितलंय तरी! तू पत्रिका करतेस ना, तिथून सुरुवात कर. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं जुन्या वर्तमानपत्रांत सापडतील, नाटकाचं नाव वाचायच्या आधीच नाटक हसवणार की रडवणार ते कळायचं.

अवांतर: सुटे खिळे मिळाले तर घे पण हाताळल्यावर हात धू, त्यात शिसं असतं. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

---

काठपदर

खिळेजुळारी काकांच्या प्रतिसादाला +१, वाचनखूण साठवली.

रेघोट्या, मी टेक्स्टाइल डिझाइन करते, कोल्हापूरला असते, तर काठाचं मी बोलते. आधी काठावर कात्री चालवू नकोस. इरकलीचा काठ नेमका कोणता आहे ते बघ, गोमी आहे की चिक्की की आणखी काही, आणि उलटा करून मागची बाजू बघ, आपण सगळे समोरूनच बघतो पण विणकर काय करत होता ते मागून कळतं. इरकलीत अंग वेगळं आणि पदर वेगळा, पदराचे ताणे (उभे धागे) अंगाच्या ताण्यांना एकेका फासाने जोडलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. तुझ्याकडे पदराचा तुकडा शिल्लक असेल तर तो जोड शोध, तिथला रंगबदल फार सुंदर असतो, गडद निळ्यातून एकदम लाल, मध्ये कुठलीही हळूहळू छटा नाही. मी एका क्लायंटच्या बेडशीटचं अख्खं कलेक्शन त्या एका रंगबदलावरून केलं, त्यात इरकलचं एकही डिझाइन नव्हतं, तरी बघणारे म्हणाले "काहीतरी ओळखीचं वाटतंय". मला तेच पाहिजे होतं.

दुसरं उदाहरण पैठणीचं. जुनी पैठणी हातात आली तर बांगडी मोराला (बांगडीसारख्या गोलात विणलेला मोर) आलेख कागदावर उतरव, चौकोन चौकोन मोजून. आपल्याला तो मोर गोल वाटतो पण गोल काहीच नसतं त्यात, सगळ्या पायऱ्या असतात, कारण धागा उभा आणि आडवा एवढाच जातो. विणकराने त्या पायऱ्यांतून मोराची मान वळवलीय. हे मी हाताने उतरवेपर्यंत मला कळलं नव्हतं आणि फोटोवरून कधीच कळलं नसतं. म्हणून माझा एकच हट्ट असतो माझ्या पोरींना (इंटर्न), फोटो नंतर, आधी पेन्सिल. फोटो काढला की आपल्याला वाटतं वस्तू बघून झाली.

आता घालायचं. नाटकातली दिसतेस कारण बहुतेक तू सगळंच एकदम घालत असणार, काठाचं ब्लाउज, वर ठुशी, वर नथ, केसात गजरा. जुनं एकच ठेव आणि बाकी सगळं आजचं, साधं. इरकलीचा काठ साध्या सुती कुर्त्याच्या बाहीला आतल्या बाजूने लाव, बाही दुमडली तरच दिसेल. किंवा पांढऱ्या शर्टाच्या बटणपट्टीला. लांबी पुरेशी असेल तर दुसऱ्या साध्या साडीलाच लाव, त्यात पाप वगैरे काही नाही. पारशी बायका गाऱ्याची (त्यांची भरतकामाची साडी) भरतकाम केलेली कोर एका साडीची उसवून दुसऱ्या साडीला लावत आल्यात, कोर पिढ्यानपिढ्या चालते, साड्या बदलतात. आपल्याकडे पण जुने काठ उसवून परकराला, झबल्याला, देवाच्या वस्त्राला लावायचेच की.

फक्त अख्खी चांगली पैठणी कापून जॅकेट शिवणाऱ्या लोकांचा मला राग येतो. ऑनलाइन 'अपसायकल' म्हणून विकतात. विरलेली असेल तर ठीक, जरूर कापा. आधीच किती साड्या गेल्या, जुन्या खऱ्या जरीत चांदी असायची म्हणून साड्या जाळून चांदी काढणारे दारावर यायचे, आणि उरलेल्या आपल्या आज्यांनी बोहारणीला देऊन पातेली घेतली. माझ्या आजीची एक शालू-पातेल्याची कथा आहे पण ती सांगत बसले तर धागा भरकटेल.

ठेवताना: प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या मऊ मलमलमध्ये. डांबरगोळ्या जरीला टेकवू नका, काळी पडते. आणि अधूनमधून घडी बदला, रेशीम घडीवरच चिरतं.

---

शुक्रवारी_बंद

सगळं छान चाललंय, फक्त एक मिठाचा खडा टाकतो.

चोर बाजारातला अर्धा माल 'जुना' या महिन्यात बनलाय. ते पितळी भोंग्याचे ग्रामोफोन, जहाजाचं होकायंत्र, 'लंडन' लिहिलेली दुर्बीण, हे सगळं नवीन बनवून येतं. एनॅमलच्या जाहिरातींच्या पाट्या पण आता ठोकून गंज चढवून विकतात. खऱ्या पाटीवर बोट फिरवलं तर रंगाच्या कडा लागतात, कारण एकेक रंग वेगळा भाजलेला असतो. आणि गंज खिळ्यांच्या भोकांपाशी, जिथे टवके उडाले तिथे असतो, सगळीकडे सारखा शिंपडलेला नसतो.

पण मी म्हणतो, तुला चित्र काढायचंय ना, म्युझियम नाही उघडायचं. मग नकली असलं तरी काय फरक पडतो, आकार आवडला तर काढ. फक्त पैसे नकलीचे दे. आणि खरं सांगायचं तर मटन स्ट्रीटला दुकानदार बोलके असतात, गर्दी नसेल तेव्हा जा (शुक्रवारी दुकानं बंद, तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांत पहाटेपासून जुम्म्याचा बाजार असतो, तो वेगळाच प्रकार), वस्तू कुठून आली ते विचार. कुठल्या बंगल्यातून, कुठल्या बंद पडलेल्या हॉटेलातून. अर्ध्या गोष्टी थापा असतात पण थापा पण चित्राला चालतात.

हस्तिदंताला मात्र हात लावू नका. विक्रेता कितीही म्हणो "साहब पुराना है, लीगल है", नाहीये. आणि शंभर वर्षांच्या वरचं काही घेऊन परदेशात न्यायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, एअरपोर्टवर रडत बसाल.

---

मँचेस्टरचा_मामा

इकडून एक वेगळी बाजू. मी मँचेस्टरजवळ राहतो, इथल्या रविवारच्या जुन्या मालाच्या बाजारात मला एकदा चक्क आपली सरस्वती मिळाली. वीणा, मोर, सोनेरी शाई, आणि खाली इंग्रजीत कापडाचं माप. मला वाटलं कॅलेंडरचं पान. तर ते निघालं कापडाच्या ताग्यावर लावायचं तिकीट.

इथल्या गिरण्यांचं कापड हिंदुस्थानात जायचं तेव्हा प्रत्येक व्यापारी ताग्यावर आपलं चित्र चिकटवायचा. गिऱ्हाईकाला इंग्रजी येत नसलं तरी "हत्तीवालं द्या", "मोरवालं द्या" म्हणून मागता यायला हवं. म्हणजे लँकेशायरमध्ये बसलेला कोणीतरी चित्रकार, जो बहुधा आयुष्यात भारतात आला नव्हता, तो आपल्या देवी काढत होता. आणि ते दिसतं! माझ्या सरस्वतीचा चेहरा इथल्या कुठल्याही दुकानात काउंटरमागे दिसेल असा आहे, आणि साडी कशी नेसतात ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून निऱ्यांच्या जागी पडद्याच्या चुण्या आहेत.

रेघोट्या, तुला म्हणून सांगतो, मला त्यात सगळ्यात जास्त आवडतात त्या गैरसमजाच्या जागा. तुझ्या वहीतली लेबलं पण तशी बघ. सुरुवातीला आपल्याकडे काड्यापेट्या स्वीडन आणि जपानमधून यायच्या, जपानी माणसाने हत्ती कसा काढलाय ते बघ एखाद्यावर मिळाला तर. नंतर स्वीडिश कंपनीच विम्को म्हणून इथे आली, १९२३ मध्ये, अंबरनाथला कारखाना होता, म्हणजे तुझ्या डोंबिवलीहून लोकलने जाण्याइतका जवळ. शिवकाशीची लेबलं त्याहून वेगळी, रंग जास्त भडक. वहीत तिन्ही प्रकार असतील तर एकाच प्राण्याची तीन लेबलं शेजारी ठेवून बघ, तीन वेगवेगळ्या माणसांनी न पाहिलेला किंवा रोज पाहिलेला प्राणी कसा काढला ते.

कोणाला हे तिकीट बघायचं असेल तर फोटो टाकतो रात्री, आत्ता ऑफिसात आहे.

---

रेघोट्या_डोंबिवली

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. मामा, फोटो नक्की टाका, पडद्याच्या चुण्या बघायच्याच आहेत.

काका, ब्लॉक छापला काल रात्री, लिनोची शाई होतीच घरी. चमचा घरातला घेतला म्हणून सासूबाई नाराज आहेत पण छाप अप्रतिम आला. आणि तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, चौघड्याच्या पोटावर फक्त पाच-सहा रेघा आहेत हो! मी असते तर ग्रेडियंट मारला असता. आता दोन शायांत दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं एक काम करून बघतेय.

त्यावरूनच आठवलं, कॉपीराइटचं काय? लेबल किंवा जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ थेट कोलाजमध्ये वापरलं तर चालतं का? क्लायंट म्हणतो "एवढं जुनं कोण विचारतंय".

---

कलम_सत्तावन्न

वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, फुकट आहे म्हणून.

'जुनं आहे' याला कायद्यात काही अर्थ नाही, कोण कधी गेलं याला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांचं काम खुशाल वापरा. पण दिवाळी अंक म्हटलं की सगळ्यांना दीनानाथ दलाल आठवतात, ते १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबा. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. लोक सर्रास वापरतात ते वेगळं.

चित्रकाराचं नावच नसेल, तुमच्या लेबलांसारखं, तर प्रकाशनानंतर ६० वर्षं. पण लेबलात दुसरी मेख असते, ट्रेडमार्क. तो दर दहा वर्षांनी रिन्यू करत गेलं की संपतच नाही. कंपनी चालू असेल आणि छाप अजून वापरात असेल तर तो छाप दुसऱ्या मालाच्या पॅकेजिंगवर घालू नका, चित्र कितीही जुनं असो. तुम्ही पॅकेजिंगच करता म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्या लेबलवरून दोन शायांचा नियम घेतलात, जाड रेघ घेतलीत, लाल-पिवळा घेतलात, तर त्यावर कोणाचाच हक्क नाही. कायदा चित्राचा असतो, रीत कोणाच्या मालकीची नसते. वर काकांनी जे करायला सांगितलंय त्यात तुम्हाला वकील लागणार नाही. कोलाज केलंत तर लागू शकतो, तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

खिळेजुळारी

चमच्याबद्दल सासूबाईंची माफी माग आणि त्यांना एक छाप फ्रेम करून दे. कलशाचा ब्लॉक पण छाप आता, पण तो दमट कागदावर नाही, कोरड्या हँडमेड कागदावर करून बघ, रेघ वेगळी येईल. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाक इथे. आणि मुखपृष्ठाच्या दोन शाया ठरल्या का? लाल-काळा करू नकोस, ते सगळे करतात. हिरवा आणि विटकरी घे, एकावर एक पडले की मस्त गडद तपकिरी मिळतो, रेघेला तोच वापर, काळ्याची गरजच पडणार नाही.